डिस्प्ले आला नाही म्हणून मशीन गेलं असं नाही

बारावीचा निकाल लागला की लातूरच्या उद्योग भवन परिसरातल्या आणि नांदेडच्या वजिराबादमधल्या ऑनलाइन सेवा केंद्रांवर गर्दी उसळते. प्रवेश अर्ज, उत्पन्नाचे दाखले आणि मागोमाग पीकविमा. अशा ऐन घाईत एखादा डेस्कटॉप सुरूच होत नाही. ‘मशीन डेड झालं’ म्हणत तो रिक्षात घालून दुकानात नेला जातो. खरे तर बिघाड पुष्कळदा किरकोळ असतो. वीज कुठवर पोचते आणि कुठे अडते, एवढे क्रमाने पाहिले तरी निम्मा उलगडा होतो.

बटण दाबूनही पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, तर सुरुवात भिंतीवरच्या बोर्डापासून करावी. त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून पाहावा, सीपीयूच्या मागची केबल घट्ट दाबावी, मग यूपीएस बाजूला ठेवून थेट जोडणी करावी. मे महिन्यात नांदेडचा पारा 42 अंशांच्या पुढे सहज जातो आणि यूपीएसमधल्या लेड-अॅसिड बॅटरीचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते. कॉम्प्युटर धडधाकट, पण बॅटरी संपलेली, असे उन्हाळ्यात हमखास दिसते.

त्यानंतर पाळी एसएमपीएसची. भिंतीतल्या 230 व्होल्टचे 12, 5 आणि 3.3 व्होल्ट करून मदरबोर्डला पुरवणारी ही पेटी. वादळात डीपीजवळ न्यूट्रल तुटला, तर घरात 230 ऐवजी 400 व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. अशा वेळी पहिला बळी बहुधा हिचाच जातो. शंका असल्यास दुसरा चालू एसएमपीएस जोडून पाहणे हा सरळ मार्ग. पेटी मात्र घरी कधीच उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकून राहू शकतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

पंखा फिरतो, पण पडदा काळाच? आधी मॉनिटरची केबल पाहावी. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्यालाच लावलेली हवी. तरीही काही दिसत नसेल तर रॅमकडे वळावे. सरकी-कापसाच्या आणि डाळ मिलच्या या पट्ट्यात धूळ कॅबिनेटमध्ये शिरतेच. प्लग काढावा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. मग रॅम काढून तिचे सोनेरी टोक स्वच्छ खोडरबराने हलके घासावे, कण झटकावेत आणि दोन्ही बाजूंची क्लिप बसेपर्यंत ती पुन्हा दाबावी. दुरुस्तीवाल्यांचा हा जुनाच उपाय आजही लागू पडतो.

मशीन सुरू होते, पण तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते. हा मदरबोर्डवरच्या 3 व्होल्टच्या सीआर2032 सेलचा दोष. तारीख चुकली की सरकारी संकेतस्थळेही ‘असुरक्षित’ म्हणून उघडत नाहीत आणि ग्राहकाला वाटते, सर्व्हर डाऊन आहे. काही रुपयांचा सेल बदलून तारीख नीट केली की काम पुढे सरकते.

मराठवाड्यात एका गोष्टीकडे मात्र फारच दुर्लक्ष होते, ती म्हणजे अर्थिंग. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. अशा उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगच्या सळईपासून सुटते आणि विजेला जमिनीत जायची वाट उरत नाही. मग कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधून झिरपणारी वीज कॅबिनेटवरच राहते, म्हणून हे घडते. यावर इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टच्या फार वर असेल तर खड्डा तपासावा, त्यात पाणी घालावे आणि गरज पडल्यास मीठ-कोळसा नव्याने भरून घ्यावा. तिसरी पिन मोडून प्लग बसवण्याची सवय तर लगेच थांबवायला हवी.

एवढे करूनही मदरबोर्डच गेला असे निघाले, तरी हार्ड डिस्क बहुतेकदा शाबूत असते. ती काढून दुसऱ्या मशीनला जोडली की फाइली मिळतात. दुकानात सीपीयू देताना डिस्क आपल्याकडे ठेवावी. लोकांचे आधार आणि बँकेचे कागद सांभाळणाऱ्या केंद्रचालकांनी तर हे चुकवूच नये.