क्रमांकाची पाटी नसलेली दुचाकी

विजेवर चालणारी क्रमांकाच्या पाटीविना धावणारी दुचाकी सोलापुरात आता नवलाची राहिलेली नाही. सात रस्ता, अशोक चौक, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहत, कोठेही पाहिले तरी ती दिसते. ती विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानात बहुधा एकच वाक्य ऐकावयास मिळते : ‘याला लायसन्स नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको.’ काही गाड्यांच्या बाबतीत हे वाक्य अक्षरशः खरे आहे. काहींच्या बाबतीत ते साफ खोटे आहे. आणि काही गाड्यांच्या बाबतीत ते खरे असते, परंतु दुकानाच्या पायरीपर्यंतच. गिऱ्हाइकाचे खरे नुकसान होते ते या तिसऱ्या प्रकारात.

अशा वाहनाची गरज या शहराला नाही असे कोणी म्हणणार नाही. १८७७ साली ‘जुनी मिल’ उभी राहिल्यापासून सोलापूर हे कामगारांचे शहर आहे आणि कित्येक दशके सायकल हेच कामगाराचे वाहन होते. गिरण्या गेल्या, यंत्रमाग, विडी आणि बांधकाम यांवर जगणारा वर्ग राहिला. आता त्याची घरे शहराबाहेर सरकत आहेत. कुंभारीजवळच्या रे नगरातील तीस हजार घरांपैकी पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या ताब्यात देण्यात आली. घर मिळाले, पण काम मात्र बव्हंशी शहरातच राहिले. शहर बससेवेची अवस्था सर्वांना ठाऊक आहे. रिक्षाचे भाडे रोज परवडत नाही, पेट्रोलही परवडत नाही. अशा स्थितीत घरच्या विजेवर भारित होणारी आणि सरकारी कागद न मागणारी गाडी माणसाला वरदान वाटली तर त्यात त्याचा दोष काय?

कायद्याने ही सवलत ठेवली आहे ती विचारपूर्वक. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील व्याख्येनुसार बॅटरीवर चालणारी दुचाकी काही अटी पूर्ण करीत असेल तर ती ‘मोटार वाहन’ मानली जात नाही. तिच्या मोटारीची अर्ध्या तासाची शक्ती पाव किलोवॅटहून, म्हणजे २५० वॅटहून कमी असली पाहिजे. तिचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला पाहिजे. बॅटरी वगळून वजन ६० किलोपेक्षा अधिक असता कामा नये. योग्य ब्रेक आणि पुढे पांढरा, मागे लाल असे प्रकाश परावर्तित करणारे तुकडे हवेत. ‘अर्ध्या तासाची शक्ती’ म्हणजे मोटार सलग तीस मिनिटे देऊ शकेल अशी शक्ती. चढावर क्षणभर मिळणारा जोर त्यात धरावयाचा नाही. २५० वॅट म्हणजे सुमारे एकतृतीयांश अश्वशक्ती. सायकलस्वाराच्या पायांना हातभार लावण्याइतकीच ती आहे आणि कायद्याला अभिप्रेतही तेवढेच आहे.

परंतु या अटींपेक्षाही महत्त्वाचा एक शब्द त्या व्याख्येत आहे, आणि विक्रीच्या वेळी नेमका तोच गाळला जातो. या अटी पूर्ण झाल्याची खातरजमा अधिकृत चाचणी संस्थेने केलेली असली पाहिजे. अशा संस्था दूर नाहीत. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही त्यांपैकी एक, अहिल्यानगरची लष्करी वाहन संशोधन संस्था ही दुसरी. म्हणजे सवलत गाडीच्या अंगावर चिकटवलेल्या ‘२५० वॅट’ या चिठ्ठीला नाही, विक्रेत्याच्या शब्दाला नाही आणि गाडीला पेडल आहेत एवढ्याने तर मुळीच नाही. १९७२ साली महाराष्ट्रातच जन्मलेल्या लुनालाही पेडल होते. म्हणून कोणी तिला सायकल मानले नाही. तिला परवाना लागत होता आणि क्रमांकही.

आता तो तिसरा प्रकार. दुकानात असताना गाडी चाचणीत उत्तीर्ण झालेल्या नमुन्याप्रमाणेच असते. ताशी २५ किलोमीटर हा वेग मात्र तरुण गिऱ्हाइकाला रडका वाटतो. मग कोणी कारागीर वेगाचे ‘लॉक’ काढून देतो, कोणी अधिक शक्तीची मोटार वा बॅटरी बसवून देतो आणि गाडी चाळीस-पंचेचाळीसने धावू लागते. बाह्य रूपात तसूभरही फरक पडत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या क्षणी सायकल संपली आणि नोंदणी नसलेले, विमा नसलेले मोटार वाहन जन्माला आले. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्त कार्यालयाने अशाच फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध कारवाईचे आदेश प्रादेशिक कार्यालयांना दिले होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बेकायदा फेरफाराबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. नोंदणीविना वाहन चालविण्याचा दंड पहिल्या खेपेस दोन ते पाच हजार, परवान्याविना चालविण्याचा पाच हजार. विमा नसल्याची शिक्षा वेगळीच.

वीस किलोमीटरच्या फरकाने असे काय बिघडते, असा प्रश्न विचारला जाईल. गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, हे शाळेच्या विज्ञानात प्रत्येकाने शिकलेले आहे. पंचविसावरून पंचेचाळीसवर गेलेल्या गाडीची ऊर्जा दुप्पट होत नाही, सव्वातीन पट होते. थांबण्यास लागणारे अंतरही जवळपास त्याच प्रमाणात वाढते. ब्रेक आणि सांगाडा मात्र पंचविसाच्या हिशेबानेच बनविलेला असतो. त्यातून गाडी आवाज करीत नाही, त्यामुळे रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धाला ती आल्याची चाहूलही लागत नाही.

दंडाची रक्कम एकवेळ भरता येते. विम्याचा प्रश्न त्याहून गंभीर आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. मोटार वाहनाने एखाद्याला धडक दिली तर जखमी व्यक्ती किंवा मृताचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातात. वाहनाचा विमा असेल तर भरपाई विमा कंपनी देते. नसेल तर ती मालकाच्या खिशातून, म्हणजे त्याच्या पगारातून वा घरातून वसूल होऊ शकते. कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई त्याचे वय, उत्पन्न आणि आश्रितांची संख्या यांवरून ठरते, आणि ती सहज काही लाखांवर जाते. वेगाचे लॉक काढण्यासाठी कारागिराला दिलेल्या किरकोळ रकमेत माणूस स्वतःवर किती मोठे देणे ओढवून घेतो, याचा हिशेब कोणी त्याला मांडून दाखवीत नाही. उलट २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार तीन किलोवॅटपर्यंतच्या विजेच्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा वर्षाला ४५७ रुपयांचा होता. बॅटरीवरील वाहनांना नोंदणी प्रमाणपत्राचे शुल्कही २०२१ पासून माफ आहे. थोडक्यात, जो खर्च वाचविण्यासाठी एवढा आटापिटा केला जातो तो फारसा मोठा नाही.

येथे कायद्यातील एक उणीवही नोंदवली पाहिजे. खरोखरीच सवलतीस पात्र असलेल्या गाडीने पादचाऱ्यास जखमी केले, तर ती मोटार वाहन नसल्यामुळे त्याला न्यायाधिकरणाचा मार्ग खुला नाही. दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता त्याला धरावा लागतो. शिवाय सवलतीची गाडी ओळखण्याची दृश्य खूण नाही. नोंदणी झालेल्या विजेच्या खाजगी गाडीला हिरवी पाटी आणि पांढरी अक्षरे असतात, सवलतीच्या गाडीला काहीच नाही. चौकातील शिपायाने खरी सायकल कोणती आणि सोंग घेतलेली मोटार कोणती हे ओळखावे कसे? प्रामाणिक स्वाराची नाहक अडवणूक आणि लबाडाची सुटका, दोन्ही यातूनच संभवतात. सवलतीची मुभा मात्र बेफिकिरीची मुभा नव्हे : हयगयीने वाहन हाकण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेत कोणत्याही वाहनास लागू आहे.

कनिष्ठ महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींसाठी पालक ही गाडी घेतात, कारण अठरा वर्षांपूर्वी मोटार वाहनाचा परवाना सर्वसाधारणपणे मिळत नाही. गाडी खरोखर सवलतीची असेल तर त्यात गैर काही नाही. पण तिचा वेग वाढविलेला असेल आणि अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर कायदा पालकाला किंवा मालकाला दोषी धरतो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवानाही मिळत नाही.

सर्वांत केविलवाणी स्थिती होते ती चाचणी न झालेली गाडी अजाणता विकत घेणाऱ्याची. ती सायकल म्हणून चालविता येत नाही. आणि मान्यताप्राप्त नमुना नसल्यामुळे परिवहन कार्यालयात तिची नोंदणीही होत नाही. घाम गाळून जमविलेली रक्कम अशा वस्तूत अडकते की जी कायद्याने रस्त्यावर आणताच येत नाही. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी दोन कागद मागून घेणे अगत्याचे आहे : त्याच नमुन्याचे चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र, आणि नमुन्याचे नाव व मोटारीची शक्ती लिहिलेली पावती. पावती देण्यास काचकूच करणाऱ्या दुकानातून परत फिरावे. नियमबाह्य मोटार वाहन विकणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक गाडीमागे एक लाख रुपये दंड अशी तरतूद त्याच २०१९ च्या दुरुस्तीत आहे. परिवहन खात्याने ती वापरली तर चौकाचौकांत गाड्या अडविण्याचे काम बरेच हलके होईल. फसलेल्या गिऱ्हाइकाला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही, वकील लावण्याचेही बंधन नाही. पावती मात्र जपून ठेवलेली हवी.