सुपरचार्जरची खडखड आणि शिरोळचा ब्लोअर

साताऱ्याहून मेढ्यामार्गे महाबळेश्वर चढायला लागलं की गाडीचा दम कमी होत जातो. चढ हे त्याचं एक कारण, हवा हे दुसरं. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास. तिथला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण पंधरा टक्क्यांनी कमी असतो. इंजिनाला पेट्रोल लागतं तशी हवाही लागते. हवा विरळ झाली की ताकद उतरते. ही तूट भरून काढायला, किंवा सपाटीवरही लहान इंजिनाकडून मोठं काम करून घ्यायला, इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र म्हणजे सुपरचार्जर.

टर्बो आपल्याकडे घरोघरी पोचला. जीप, ट्रक, नवे ट्रॅक्टर, सगळ्यांत तो असतो आणि बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. सुपरचार्जर फिरतो थेट क्रँकशाफ्टवरून, पट्ट्यानं. आपल्या रस्त्यांवर तो दुर्मीळ. डिकीवर ‘कॉम्प्रेसर’ अशी अक्षरं असलेल्या जुन्या मर्सिडीज, काही पेट्रोल रेंज रोव्हर, एवढीच त्याची वस्ती. अशी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे सातारा-सांगलीत येते, काही दिवसांनी बॉनेटखालून खडखड सुरू होते आणि गॅरेजमधून उत्तर मिळतं, ‘अख्खं युनिट बदला.’ हे उत्तर बऱ्याचदा घाईचं असतं. कारण हे यंत्र या भागाला परकं नाही. फक्त इथं ते दुसऱ्या नावानं नांदतं.

सांगलीच्या मिरज तालुक्याला लागून कोल्हापूर जिल्ह्यातलं शिरोळ आहे. तिथं १९७६ साली स्थापन झालेली कुलकर्णी पॉवर टूल्स, म्हणजे आजची केपीटी इंडस्ट्रीज, हातातल्या ड्रिल-ग्राइंडरबरोबर रूट्स ब्लोअरही बनवते. सिमेंटचा बल्कर रिकामा करताना जो कानठळ्या बसवणारा आवाज येतो, तो अशाच ब्लोअरचा. कारखान्यांच्या सांडपाणी प्रक्रियेच्या टाक्यांत रात्रंदिवस हवेचे बुडबुडे सोडतो तोही हाच. बहुतेक मोटारींचा सुपरचार्जर म्हणजे याच ब्लोअरची अ‍ॅल्युमिनियममधली, हलकी आणि कितीतरी वेगानं फिरणारी आवृत्ती.

मूळ कल्पना फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांची. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल इथं त्यांची लोकरीची गिरणी होती. गिरणीसाठी नवं पाणचक्र करायला गेले आणि हातात आला वारा फेकणारा पंखा. १८६० साली त्याचं पेटंट झालं. लोखंडाच्या भट्ट्या आणि खाणी हे त्याचं पहिलं गिऱ्हाईक. मोटारीत तो बराच उशिरा आला: १९२१च्या बर्लिन प्रदर्शनात मर्सिडीजनं सुपरचार्जरच्या गाड्या मांडल्या. नंतर विमानांनी सुपरचार्जरला उंचीवर नेलं, आणि १९८९च्या फोर्ड थंडरबर्डमध्ये ईटन कंपनीचा रूट्स सुपरचार्जर बसल्यावर तो पुन्हा रोजच्या गाड्यांत रुळला.

त्याची रचना समजून घेताना ऊस गाळायचा चरक डोळ्यांसमोर आणावा आणि मग तो उलटा कल्पावा. चरकातही दोन लाटा गिअरनं जोडलेल्या, विरुद्ध दिशांना फिरणाऱ्या. पण तिथं ऊस दोन लाटांच्या मधून जातो आणि चेपला जातो. इथं हवा मधून जातच नाही. रोटरच्या पाकळ्या आणि बाहेरचं कवच यांच्यामधल्या पोकळीत ती पकडली जाते, कडेकडेनं वाहून नेली जाते आणि पलीकडे सोडली जाते. दोन रोटर एकमेकांना शिवत नाहीत, कवचालाही शिवत नाहीत. फट मिलिमीटरच्या काही शतांशांची. ती राखतात टोकाला बसवलेले टायमिंग गिअर आणि बेअरिंगं. मिनिटाला दहा-बारा हजार फेरे मारणारे दोन रोटर, आणि घर्षण जवळपास शून्य. या यंत्राचं सगळं कसब न शिवण्यात आहे.

म्हणूनच आवाजाचा शोध रोटरपासून सुरू करू नये. रोटर वाजतात ते शेवटी. आधी वाजतात त्यांना धरून ठेवणारे आणि जोडणारे भाग. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढत जाणारी बारीक शीळ हा या यंत्राचा जन्मजात स्वर आहे. पोकळीतली हवा बाहेर पडताना पलीकडची दाबातली हवा क्षणभर उलटी आत शिरते, त्या ठोक्यांची मिळून ती शीळ होते. पाकळ्यांना पीळ दिला की ती मऊ होते, पण पूर्ण जात नाही. ती दुरुस्त करायला जाऊ नये.

गाडी उभी असताना खडखड आणि रेस केली की शांत, हे लक्षण मात्र कपलिंगचं. पुली आणि रोटर यांच्यामध्ये झटके सोसायला कुठं भोकांची प्लास्टिकची चकती असते, तर कुठं स्प्रिंग. मंद गतीत क्रँकशाफ्ट एकसारखा फिरत नाही; दर धक्क्याला पुढे जातो, किंचित रेंगाळतो. चकतीची भोकं लांबट झाली की त्यांतल्या पिना आपटतात. वेग वाढला की ओढ कायम राहते, म्हणून आवाज थांबतो. वेगाबरोबर वाढणारी घरघर म्हणजे बेअरिंग. धातूवर धातू घासल्याची किरकिर आली तर गाडी तिथंच बंद करावी.

ऑइल इंजिनावर हात बसलेले फिटर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून निदान करतात. ही विद्या या पट्ट्यात जुनी आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानं नांगर आणि डिझेल इंजिनं काढली. पुढच्या पिढ्या विहिरीवरच्या इंजिनाच्या ठोक्यावरून बिघाड ओळखायला शिकल्या.

घरच्या अंगणात काय करता येतं? पहिली कसोटी फुकटची: पट्टा उतरवून इंजिन काही सेकंद चालवायचं. पाण्याचा पंप बहुधा त्याच पट्ट्यावर असतो, त्यामुळे जास्त वेळ नाही. आवाज तसाच राहिला तर सुपरचार्जर निर्दोष. आवाज गेला तरी पट्ट्यावरचे टेन्शनर, आयडलर, अल्टरनेटर एकेक करून हातानं फिरवून बघायचे. पुष्कळदा चोर तिथंच सापडतो. मग सुपरचार्जरची पुली मागे-पुढे हलवायची. टकटक करत सैल हलली तर कपलिंग, खाली-वर डुलली तर पुढचं बेअरिंग.

कपलिंग बदलणं नेटक्या हाताला जमतं. इंजिन थंड, बॅटरीची तार काढलेली, उघड्या तोंडांवर स्वच्छ फडकं; आत पडलेला एक वॉशर रोटरचा घास घेतो. पुलीची पुढे आलेली नळी बोल्ट काढून वेगळी होते, जुनी चकती निघते, नवी बसते. आतलं तेल इंजिनाच्या तेलाहून वेगळं आणि अगदी थोडं, शंभर-दीडशे मिलिलिटरच्या आसपास. ते उत्पादकानं सांगितलेलंच आणि तेवढंच भरायचं. काळं, चकाकी आलेलं तेल निघालं तर बेअरिंग झिजल्याची पावती समजावी. ते बेअरिंग बदलायचं तर नळीवर घट्ट दाबून बसवलेली पुली पुलरनंच काढायची, आणि नवी प्रेसवर बसवायची. हातोडी लागली की शाफ्ट गेला. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. त्याच नंबराचं, पण जास्त वेग आणि उष्णता सोसणारं मागायचं.

टायमिंग गिअरला मात्र घरी हात लावू नये. ते शाफ्टवर दाबून बसवलेले असतात. एकदा हलले की रोटरमधली फट बिघडते आणि पुढच्या स्टार्टला पाकळ्या एकमेकांत अडकतात. हे काम ज्याच्याकडे फिलर गेज, प्रेस आणि रोजचा सराव आहे त्याचं. असा माणूस शोधताना बॉनेटवरचा तारा बघणाऱ्या गॅरेजपेक्षा बल्करचे आणि सांडपाणी प्रकल्पांचे ब्लोअर उघडणाऱ्या फिटरला आधी विचारावं. मर्सिडीज त्यानं कदाचित कधी उघडली नसेल. पण न शिवणारे दोन रोटर पुन्हा न शिवतील असे कसे बसवायचे, हे त्याच्या हाताला पाठ असतं, आणि युनिट बदलायचं की बेअरिंग, याचा निवाडा करायला तेवढं पुरतं.