घराची मजबुती आणि पाणी मारणारा मजूर

जुने वाडे शतक ओलांडतात आणि नव्या इमारतींना वीस वर्षांत तडे जातात, ही तक्रार घरोघर ऐकू येते. ती तपासून पाहिली पाहिजे. जी जुनी घरे पडली ती आपल्या हिशेबात येत नाहीत. उरलेलीच डोळ्यांसमोर असतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात पुण्यातील नदीकाठचे कितीतरी वाडे ढासळले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखालीच हजारो माणसे दगावली. तेव्हा जाडी म्हणजे मजबुती नव्हे.

मग टिकलेल्या वाड्यांत काय होते? सागवानाचा सांगाडा आणि घाणीत मळलेला चुना. असा चुना हवेतील कर्बवायू शोषत सावकाश कठीण होतो. त्याला वेळ मिळत असे.

सिमेंटलाही वेळ लागतो. काँक्रीट वाळून नव्हे, पाणी पिऊन घट्ट होते. म्हणून ते किमान सात दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असल्यास दहा दिवस, ओले ठेवावे लागते. त्यात कसूर झाली की वरचा थर सच्छिद्र राहतो, ओल आत शिरते, सळई गंजते आणि फुगलेला गंज काँक्रीट फोडतो.

पण काम उरकण्याची घाई झाली की पाणी मारणारा मजूरच आधी कमी केला जातो, असे आम्ही वारंवार पाहतो. घर घेताना आपण फरशीचा रंग विचारतो. पाणी किती दिवस मारले, हेही विचारावे. त्यात त्या मजुराची रोजी आहे आणि आपले छप्परही.