चार ओंजळी तांदूळ

रमजानचा महिना सरत आला की मुस्लिम घरांत एक हिशेब सुरू होतो. घरात माणसे किती आणि फितरा किती? फितरा म्हणजे ईदच्या नमाजेआधी गरजूंना द्यायचे धान्य. घरातल्या कर्त्याने तो स्वतःचा द्यायचा, बायकोमुलांचा द्यायचा आणि महिना संपता संपता जन्मलेल्या तान्ह्या बाळाचाही द्यायचा. ईदच्या दिवशी कुणाची चूल थंड राहू नये, एवढा साधा हेतू त्यामागे आहे.

या दानाचे माप 'साअ'. मध्यम बांध्याच्या माणसाच्या चार ओंजळी भरतील एवढे धान्य म्हणजे एक साअ. आजच्या वजनात ते साधारण अडीच किलो होते. हिशेबाच्या पद्धतीप्रमाणे थोडे अधिकही धरले जाते. धान्य कोणते, याचे उत्तर मात्र मुलखागणिक बदलते. मदिनेत खजूर आणि जव दिले जात, कारण तिथल्या लोकांचे तेच अन्न होते. कोकणी मुसलमान शाफई परंपरेचे. या परंपरेत त्या त्या मुलखात जे रोजचे मुख्य अन्न, त्याचाच फितरा द्यायचा असतो. म्हणून रत्नागिरीचा फितरा तांदळाचा. अरबस्तानातून आलेल्या आज्ञेने कोकणात कोकणचेच धान्य आपलेसे केले.

हनफी परंपरेत धान्याऐवजी तेवढी किंमत देण्याची मुभा आहे. आज रोख देण्याचीच चाल सगळीकडे वाढली आहे. तिची सोयही खरी आहे. गरजूला तांदळापेक्षा औषध किंवा मुलांचे कपडे अधिक निकडीचे असू शकतात. पण त्यात एक गोष्ट हातून सुटते. तांदूळ मोजून देणाऱ्याला तो कुठून आणला, कसा आहे, आपण स्वतः खातो त्याच प्रतीचा आहे का, हे पाहावे लागते. फलकावर लिहिलेली रक्कम देताना हे प्रश्न पडत नाहीत.

हे प्रश्न केवळ रोजेदारांचे नाहीत. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शहरालगत शिरगावला भात संशोधन केंद्र आहे आणि तिथून निघालेल्या 'रत्नागिरी-1', 'रत्नागिरी-24' अशा जाती या शहराचे नाव सांगतात. तरीही इथल्या अनेक घरांत बाहेरून आलेला तांदूळ शिजतो. तरुण माणसे मुंबईला आणि आखातात गेली, खाचरे लहान, मजुरी परवडत नाही, त्यात वानर आणि रानडुकरांचा त्रास. पडीक राहिलेले खाचर पुन्हा लागवडीखाली आणायचे, तर शेतकऱ्याला आधी गिऱ्हाइकाची खात्री हवी.

ती खात्री फितरा देऊ शकतो. पाच माणसांच्या घराचा फितरा साडेबारा किलो. अशी शंभर घरे असलेल्या मोहल्ल्याचा तांदूळ साडेबाराशे किलो होतो. तो एकेकट्याने बाजारातून आणण्याऐवजी सर्वांनी मिळून जवळच्या गावातल्या शेतकऱ्यांकडून किंवा बचत गटाकडून घेतला, तर देणाऱ्याचे कर्तव्य पार पडते, घेणाऱ्याला चांगले धान्य मिळते आणि पिकवणाऱ्याला भाव मिळतो. सुगीतच मागणी नोंदवली, तर ती शेतकऱ्याला पुढच्या लावणीसाठीही धीर देते.

एकत्र खरेदीची ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. 1975 च्या गुढीपाडव्याला स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने ती घराघरांत नेली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याच्या वाणसामानाची यादी द्यायची, पंचायतीने घाऊक खरेदी करायची आणि एका सभासदाच्या घरी आलेला माल सर्वांनी मिळून वाटून घ्यायचा. त्याला ना दुकान लागते, ना जाहिरात. त्याही आधी 1844 साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी 28 जणांनी वर्गणी काढून पीठ, लोणी, साखर असे मोजके जिन्नस विकायला सुरुवात केली. आजच्या सहकारी भांडारांची परंपरा तिथपर्यंत मागे जाते.

कोकणाची स्वतःची रीत त्याहून जुनी. लावणीला एकमेकांच्या शेतात राबायची सावड आणि परसातली पहिली काकडी, पहिले पडवळ शेजारी पाठवायचा वानवळा. वानवळा पाठवताना कुणी शेजाऱ्याचा धर्म विचारत नाही. एखाद्या झाडाचे किंवा पिकाचे फळ माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्ले, तर ते लावणाऱ्याच्या नावे दान म्हणून लिहिले जाते, अशा आशयाची हदीस आहे. म्हणजे परसबागही सदकाच.

अशी बाग वाडीने मिळून करता येते. मशिदीत वजू करताना वापरलेल्या पाण्यात साबण नसतो. ते गटारात सोडण्याऐवजी माड, केळी, अळू यांच्या आळ्यांत वळवता येते. देवळाच्या आवारात आणि शाळेमागेही अशी जागा असते. बियाणे मात्र आपले हवे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे घरात जपले, इतर बायकांना वाटले आणि त्यातून बियाणे बँक उभी राहिली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी ओळखले होते की जे बी वाटले जाते तेच टिकते.

रमजान स्वतःही ऋतूंप्रमाणे खायला शिकवतो. हिजरी वर्ष सौर वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे सुमारे 33 वर्षांत रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. तो पावसाळ्यात आला की इफ्तारला काकडी आणि चिबूड, उन्हाळ्याच्या तोंडावर आला की कलिंगड आणि आगळाचे सरबत. भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलाव्यावर होणारे वाल आणि कुळीथ सहरीला पुष्कळ वेळ आधार देतात. रंगीत पाण्याच्या बाटल्या आणि प्लॅस्टिकची ताटे या दस्तरखानावर अलीकडे आली.

शेतीच्या जकातीला 'उश्र' म्हणतात. ठरावीक मर्यादेपलीकडच्या पिकावर, पावसाच्या पाण्यावर आले असेल तर दहावा हिस्सा आणि कष्टाने पाणी घालून आणले असेल तर विसावा. चौदाशे वर्षांपूर्वीच्या या नियमाने शेतकऱ्याचे श्रम मोजले. आपण तांदूळ घेताना ते मोजतो का?

यंदा फितरा मोजताना घरातल्या मुलांनाही जवळ बसवावे आणि चार ओंजळी त्यांच्या हातांनी भरू द्याव्यात. ओंजळीतला तांदूळ कुणाच्या शेतातला, हे त्यांनी विचारले, तर उत्तर देता यावे. आणि ते उत्तर रत्नागिरीच्या आसपासच्याच एखाद्या गावाचे नाव असावे.