संगणकातील निकामी डिस्क बदलताना

महत्त्वाचा दस्तऐवज एकाच प्रतीत ठेवू नये, हे जुन्या दफ्तरदारांना कोणी शिकवावे लागत नसे. आता शाळांचे, पंचायतींचे व कचेऱ्यांचे पुष्कळसे दफ्तर संगणकात गेले आहे. ज्या हार्ड डिस्कवर ते साठविले जाते, ती डिस्क जाड कागदाच्या बाडापेक्षा खूपच अल्पायुषी असते. ती कधी बंद पडेल हे निश्चित सांगता येत नाही. पडेल एवढे मात्र निश्चित.

या अडचणीवर ‘रेड’ नावाची योजना आहे. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी 1988 साली आपल्या निबंधात ती मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जुंपाव्यात आणि त्यांतील एक गेली तरी माहिती शाबूत राहावी, असा तिचा आशय होता. लिनक्स प्रणालीत याकरिता वेगळे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. प्रणालीचा गाभाच हे काम करतो व त्याची व्यवस्था ‘एमडीएडीएम’ या आज्ञावलीने पाहिली जाते.

पहिल्या प्रकारात दोन डिस्कवर तंतोतंत तीच माहिती लिहिली जाते. पाचव्या प्रकारात किमान तीन डिस्क लागतात, व त्याचे गणित शिक्षकबंधूंना वर्गातही सांगता येईल. एका डिस्कवर 1 व दुसरीवर 0 हा अंक असेल, तर तिसरीवर 1 लिहावयाचा. दोन्ही अंक सारखे असतील तर 0 लिहावयाचा. आता यांतील कोणतीही एक डिस्क झाकून पाहावी. उरलेल्या दोन अंकांवरून झाकलेला अंक अचूक काढता येतो. बेरजेतील एक रक्कम पुसली गेली असता एकूण बेरजेवरून ती शोधावी, तसाच हा प्रकार आहे. मात्र दोन रकमा एकदम पुसल्या गेल्या, तर बेरजेचा काही उपयोग नाही. सहाव्या प्रकारात दोन डिस्क गेल्या तरी निभाव लागतो. शून्य क्रमांकाच्या प्रकारात मात्र कोणतेच संरक्षण नाही. नाव रेड असले तरी त्यावर विसंबू नये.

डिस्क निकामी झाली तरी संगणक चालूच राहतो. हा या योजनेचा गुण खरा, पण धोकाही त्यातच आहे, कारण कोणाच्या लक्षातच येत नाही. ‘प्रॉक’ या कप्प्यातील ‘एमडीस्टॅट’ ही फाईल उघडली असता दोन सुस्थितीतील डिस्कसाठी कंसात दोन ‘यू’ ही अक्षरे दिसतात; एक गेली की तेथे एक ‘यू’ व एक आडवी रेघ उरते. एमडीएडीएम अशा वेळी ई-मेलने सूचना पाठवू शकते. परंतु तो पत्ता बदली होऊन गेलेल्या कर्मचाऱ्याचा असेल, तर सूचना असून नसल्यासारखीच होय.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी सर्व माहितीची ताजी प्रत दुसरीकडे काढावी. रेड ही राखीव प्रत नव्हे: चुकून पुसलेली फाईल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते.

यानंतरचे काम सर्वांत जोखमीचे, आणि ते म्हणजे योग्य डिस्क ओळखणे. प्रणाली डिस्कना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे देते, पण संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती बदलू शकतात. म्हणून डिस्कवर छापलेला अनुक्रमांक पडद्यावरील अनुक्रमांकाशी ताडून पाहावा. निकामी डिस्क मुळीच उत्तर देत नसेल, तर चांगल्या डिस्कचे अनुक्रमांक कागदावर लिहून घ्यावेत. जो त्या यादीत नाही तो बिघडलेल्या डिस्कचा. घाईने चांगली डिस्क उपसून काढणारे जितके नुकसान करतात, तितके मूळ बिघाडानेही झालेले नसते.

ओळख पटल्यावर एमडीएडीएमला ‘फेल’ व नंतर ‘रिमूव्ह’ अशा आज्ञा द्याव्यात. डिस्कचे अनेक भाग पाडून ते निरनिराळ्या संचांत घातलेले असतील, तर प्रत्येक भागाबाबत हे करावे लागते. चालू स्थितीत डिस्क बदलण्याची सोय नसलेला संगणक बंद करूनच पुढील काम करावे.

नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी. वेष्टनावर क्षमता सारखीच छापलेली असली, तरी प्रत्यक्षात थोडी कमी भरलेली डिस्क संचात घेतली जात नाही. नंतर चांगल्या डिस्कवरील विभागांचा आराखडा नवीवर उतरवावा. येथे कोठून कोठे हे दोनदा वाचावे, कारण उलट झाल्यास कोरा आराखडा चांगल्या डिस्कवर उमटेल. मग ‘ॲड’ आज्ञेने नवे भाग संचात जोडावेत. पुनर्भरणी आपोआप सुरू होते. संगणक ज्या डिस्कवरून सुरू होत असे तीच गेली असल्यास, सुरुवातीची ‘ग्रब’ आज्ञावलीही नव्या डिस्कवर बसवावी. अन्यथा पुढील वेळी संगणक उठणारच नाही.

पुनर्भरणीस किती वेळ लागेल? चार टेराबाइटची डिस्क सेकंदाला दीडशे मेगाबाइट या वेगाने भरली, तर सुमारे साडेसात तास लागतात. दिवसभर काम चालू असलेल्या संगणकात त्याहून बराच अधिक. या काळात दोन डिस्कच्या किंवा पाचव्या प्रकारच्या संचास कोणतेच संरक्षण नसते, आणि उरलेल्या डिस्क मात्र आरंभापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. क्वचितच वाचल्या जाणाऱ्या कोपऱ्यातील जुना दोष नेमका त्याच वेळी उघडा पडतो. त्याकरिता संपूर्ण संचाची तपासणी महिन्यातून एकदा व्हावी; डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीत ती महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होण्याची योजना आहे. एकाच दिवशी एकाच खोक्यातून घेतलेल्या डिस्क एकाच सुमारास थकण्याचा संभव असतो, म्हणून खरेदी करताना वेगवेगळ्या खेपांतील डिस्क घेणे इष्ट.

काढलेली डिस्क भंगारात देऊ नये. पहिल्या प्रकारच्या संचातील एकच डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून सर्व दफ्तर वाचता येते, आणि निकामी ठरलेली डिस्कही पुष्कळदा अंशतः वाचली जाते. तिच्यातील तबकड्या फोडूनच तिची विल्हेवाट लावावी व तशी नोंद जडसंग्रह वहीत करावी.