भिंती, कोपरे आणि सबवूफर

होम थिएटर घ्यायला निघालेल्या माणसाला दुकानदार पहिला प्रश्न बजेटचा विचारतो. मी विचारतो, हॉल किती बाय किती? मग पुढचे प्रश्न सुरू होतात. सोफा मागच्या भिंतीला टेकलाय का, खाली फरशी कसली आहे, पडदे जाड आहेत की नुसते शोभेचे, स्वयंपाकघर हॉलला उघडं आहे की मध्ये भिंत आहे. समोरच्याला वाटायला लागतं, आपण चुकून वास्तुतज्ज्ञाला फोन लावला की काय. पण मित्रांच्या, नातेवाइकांच्या आणि मग त्यांच्या सोसायटीतल्या शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये गुडघे टेकून वायरी तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि त्यातून एक मत पक्कं झालंय. ‘स्पीकर बेकार निघाले’ अशी तक्रार आली की बहुतेक वेळा स्पीकर बिचारे ठणठणीत असतात. त्यांना जिथे बसवलंय ती जागा बिघडलेली असते.

इतिहास एका दमात उरकतो, कारण मला पुढे जायची घाई आहे. चुंबकाच्या फटीत हलणारं तारेचं वेटोळं आणि त्याला जोडलेला कागदी कोन, हा आजच्या स्पीकरचा सांगाडा चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडला. डिस्नेच्या ‘फँटेझिया’ने १९४० मध्ये काही निवडक थिएटरांत प्रेक्षकांच्या भोवतीने आवाज खेळवून पाहिला. आपल्याकडे १९७५ मध्ये ‘शोले’ ७० मिलिमीटरवर स्टिरिओफोनिक आवाजासह आला. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल थिएटरांत पोहोचलं आणि २०१२ मध्ये ‘ब्रेव्ह’बरोबर अ‍ॅटमॉस आलं, म्हणजे आवाज डोक्यावरूनही यायला लागला. घरात हे सगळं काही वर्षांच्या अंतराने उतरत गेलं. झाला इतिहास.

‘पाच पॉइंट एक’चा अर्थ मात्र सांगून ठेवतो. समोर डावा, उजवा आणि मधला सेंटर, बाजूला किंचित मागे दोन सराउंड, असे पाच. सहाव्या वाटेवरून फक्त खर्जातला दणका येतो, साधारण १२० हर्ट्झपर्यंतचा. पूर्ण पट्टीचा अगदी छोटा भाग म्हणून त्याला एकाऐवजी दशांश एक म्हणतात. समोरचे दोन्ही स्पीकर तुमच्या नाकाच्या रेषेपासून तीस-तीस अंशांवर, सराउंड शंभर ते एकशेवीस अंशांवर. एवढं केलं की नकाशा तयार. सराउंड स्पीकर टीव्हीच्याच भिंतीवर, पडद्याच्या दांडीखाली ओळीने टांगलेले मी पाहिले आहेत. का, तर मागे वायर नेली की दिसते! अशा घरी मी सरळ सांगतो, ते दोन काढून ठेवा, समोरचे तीन नीट ऐका.

खोक्यावरच्या वॅटविषयी माझं मत कडवट आहे. स्वस्त संचाच्या खोक्यावर हजारोंच्या आकड्यांत ‘पीएमपीओ’ छापलेलं असतं. खोकं फिरवा आणि मागची बारीक पट्टी वाचा. भिंतीतून ओढायची वीज ६० वॅट असेल, तर कोनापर्यंत त्याहून जास्त सतत कशी पोहोचणार? आकडा पाहायचाच असेल तर आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी वीज पाहा, आणि त्याहून आधी सेन्सिटिव्हिटी पाहा, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात ते. ८७ डेसिबलच्या स्पीकरला जो आवाज काढायला १०० वॅट लागतात, तो ९० डेसिबलचा स्पीकर ५० वॅटांत काढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला तर वीज सुमारे दहापट लागते. म्हणून सगळ्या स्पीकरना चालवणारा रिसीव्हर ८० वॅटांच्याऐवजी १०० वॅटांचा घेण्यासाठी जास्तीचे पैसे मोजणं मला पटत नाही. ते पैसे सेंटरकडे वळवावेत.

चित्रपटातले जवळजवळ सगळे संवाद सेंटरमधून येतात आणि आपल्याकडची पहिल्या क्रमांकाची तक्रारही त्याच्याचबद्दल असते: स्फोटाला घर हादरतं, पण नायिका काय बोलली ते कळत नाही. आवाज वाढवा-कमी करा करत घरातल्या कुणाच्या तरी हातात कायम रिमोट. यात आधी टीव्हीच्या किंवा सेट टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज स्टिरिओ पाठवला जातोय की पाच पॉइंट एक, ते पाहायचं. मग सेंटर कुठे ठेवलाय ते. सुताराने टीव्ही युनिटमध्ये त्याच्यासाठी प्रेमाने कप्पा केलेला असतो आणि स्पीकर त्यात आत ढकललेला असतो. तो कप्पा स्वतःच घुमतो, पुरुषी आवाज पिंपातून आल्यासारखा होतो. स्पीकर कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढायचा, खालून रबराचा तुकडा देऊन त्याचं तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे उचलायचं आणि रिसीव्हरमध्ये सेंटर दोन-तीन डेसिबल वाढवायचा. या तीन गोष्टींनी नवा सेंटर घेण्याचा बेत रद्द झाल्याची घरं मला माहीत आहेत.

तरीही शब्द पुसट राहिले तर टाळी वाजवा. हॉलच्या मधोमध उभं राहून एकच, कडक. टाळीच्या मागे ‘टर्रर्र’ असं काही उमटलं तर समोरासमोरच्या नागड्या भिंती आवाजाची चेंडूफेक करत आहेत. आपले फ्लॅट म्हणजे काँक्रीट, चकचकीत टाइल्स, काच आणि गुळगुळीत पुट्टी. जमिनीवर जाड सतरंजी, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट आणि खिडकीला चुण्यांचा भरपूर पडदा, एवढ्याने व्यंजनं जागेवर येतात.

इथे मला वॉलेस सबीनची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयात एक नवं व्याख्यानगृह झालं. त्यात वक्त्याचा शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, म्हणजे एक वाक्य संपेपर्यंत आधीचं अजून हवेत. तरुण प्राध्यापक सबीनवर ते दुरुस्त करायची जबाबदारी आली. रात्री शहर शांत झालं की तो शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचा. मग आणखी काही गाद्या. सकाळच्या आत सगळ्या गाद्या परत जागेवर. त्या हमालीतून सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचं पहिलं सूत्र निघालं आणि त्याच्या आधारे १९०० मध्ये बोस्टनचा सिंफनी हॉल उभा राहिला. मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएचं टाटा थिएटर १९८० मध्ये झालं. वास्तुरचना फिलिप जॉन्सनची, ध्वनिरचना सिरिल हॅरिसची, आणि हेतू असा की आपलं संगीत माइकशिवायही शेवटच्या रांगेत पोहोचावं. तिथे गेलो की कार्यक्रम सुरू होण्याआधी मी भिंती आणि छताचे कोन न्याहाळत बसतो. सोबतचे लोक थोडं अंतर राखून बसतात.

आता सबवूफर. खरं तर हा लेख मी त्याच्यासाठीच लिहायला घेतला.

साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट ओळखता येत नाही. म्हणून थिएटरांतल्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या ‘टीएचएक्स’वाल्यांनी तीच सीमा धरली आणि बहुतेक रिसीव्हर आजही तीच धरतात: ८० च्या वरचं बाकीच्या स्पीकरना, खालचं सबवूफरला. यावरून दुकानदार सांगतो, ‘साहेब, सबवूफर कुठेही ठेवा, फरक पडत नाही.’ दिशा कळत नाही इतपत हे खरं आहे. बाकी पूर्ण खोटं. सबवूफरइतका जागेला नाजूक स्पीकर दुसरा नाही.

कारण लांबीत आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धावतो. ५० हर्ट्झची एक लाट जवळजवळ सात मीटरांची, २० हर्ट्झची सतरा मीटरांची. तुमचा हॉल दहा बाय बारा फुटांचा. लाट पुरती उलगडायच्या आत भिंतीवर आपटून परत येते आणि काही ठरावीक सुरांना दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते. बारा फुटांच्या बाजूला हा सूर साधारण ४७ हर्ट्झचा, दहा फुटांच्या बाजूला ५६ च्या आसपास. खोली दहा बाय दहा असेल तर दोन्ही सूर एकमेकांवर चढून बसतात. तशात छत साडेनऊ-दहा फुटांचं असेल तर तोही त्याच घोळक्यात. चौरस खोलीत होम थिएटर करू नका असं मी म्हणतो ते यामुळेच, आणि बिल्डर नेमक्या चौरस खोल्या देतो.

या उभ्या लाटेचा दाब भिंतीपाशी जास्तीत जास्त असतो आणि बरोबर मधोमध जवळजवळ शून्य. म्हणून भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर दणदणाट, आणि खोलीच्या मध्यावर खुर्ची टाकून बसणाऱ्याला तो सूर गायब. दोघं एकाच घरात राहून सबवूफरबद्दल दोन टोकांची मतं देतात आणि दोघंही खरं बोलत असतात. सोफा भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढता आला तर जरूर ओढा. मधोमध मात्र आणू नका.

सबवूफरची जागा शोधायची एक युक्ती आहे आणि ती करताना माणूस हास्यास्पद दिसतो. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुम्ही बसता तिथेच ठेवायचा. बास गिटारचं चालतं-फिरतं वाजवणं असलेलं एखादं गाणं लावायचं. मग भिंतीच्या कडेकडेने रांगत सुटायचं, कान जमिनीपासून हातभर वर. जिथे प्रत्येक सूर सारखा आणि सुटा ऐकू येईल, कोणताच फुगत नाही की बुडत नाही, तिथे सबवूफर मांडायचा. देणारा आणि घेणारा यांनी जागा बदलल्या तरी दोघांमधला परिणाम तोच राहतो, या तत्त्वावर हे चालतं. सांगलीला एका मित्राकडे आम्ही दोघं असे रांगत असताना त्याची आई बाहेर आली, क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, ‘काय पडलंय रे? केरसुणी देऊ का?’ जागा शेवटी शोकेस आणि दाराच्या मध्ये सापडली. तिथे त्यांचा चपलांचा स्टँड होता. तो हलवायला मात्र दोन दिवाळ्या गेल्या.

कोपऱ्याचा मोह टाळावा. कोपऱ्यात सगळे अडकलेले सूर एकदम चेकाळतात, आवाज मोठा होतो, आणि मोठा म्हणजे चांगला असं पहिला आठवडा वाटतं. आमच्या लहानपणी टेपरेकॉर्डरवाले स्पीकर मातीच्या माठावर पालथा ठेवायचे. काय घुमायचा! त्या माठाच्या पोटातली हवा एकाच सुराला मनापासून दाद द्यायची, त्यामुळे ढोलक, तबला, बास सगळं एकाच ‘ढुम्’मध्ये निघायचं. स्वस्त सबवूफर कोपऱ्यात ठेवला की तेच होतं. माठ निदान उन्हाळ्यात पाणी गार करायचा.

हार्मन कंपनीत टॉड वेल्टी यांनी एकापेक्षा जास्त सबवूफर खोलीत कसे मांडावेत याचा पद्धतशीर अभ्यास केला. निष्कर्ष ऐकायला सोपा आहे: समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक असे दोन ठेवले तर एक दुसऱ्याच्या अडकलेल्या सुराला बराच शांत करतो, आणि सोफ्यावरच्या सगळ्यांना जवळजवळ सारखंच ऐकू येतं. म्हणून माझा सल्ला, बारा इंची एक घेण्यापेक्षा आठ इंची दोन घ्या. दुकानात हे सांगितलं की विक्रेता माझ्याकडे संशयाने पाहतो.

रिसीव्हरबरोबर मिळणारा माइक लावून आपोआप जुळवणी करता येते. ती जरूर करा, पण पंखा बंद करून, कुकर उतरवून, माइक कानाच्या उंचीवर ठेवून. फुगलेला सूर ती खाली आणते. बुडालेला सूर मात्र कोणतंही यंत्र वर काढू शकत नाही, कारण तिथे जेवढा जोर द्याल तेवढ्याच जोराने परतणारी लाट तो खोडते. तिथे जागाच बदलावी लागते. सबवूफरच्या पाठीवरचं फेजचं बटण शून्य आणि १८० वर आळीपाळीने करून, सोफ्यावरच्या माणसाला जिथे खर्ज भरीव वाटेल तिथे सोडा. आणि वरच्या-खालच्या मजल्यांना सतरंजीने दिलासा मिळतो हा समज सोडा. खर्ज स्लॅबमधून आरामात जातो. रात्री दहानंतर नाइट मोड हाच उपाय.

सबवूफर नुसताच गुणगुणत असेल, सिनेमा नसतानाही, तर तो ५० हर्ट्झचा विजेचा सूर आहे. रिसीव्हरच्या सगळ्या वायरी काढा आणि एकेक लावत जा. बऱ्याच घरांत केबल टीव्हीची जाड गोल वायर लावली की गुणगुण परत येते: गच्चीवरून एक अर्थिंग येतं, भिंतीतून दुसरं, आणि दोघांच्या मध्ये तुमचा सबवूफर. केबलच्या वाटेवर आयसोलेटर बसवा, सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या. काही इलेक्ट्रिशियन प्लगची तिसरी, जाड पिन कापून टाकायला सांगतात. गुणगुण थांबते खरी, पण उपकरणाच्या पत्र्यात कधी वीज उतरली तर ती तुमच्यातून जाते. असा इलेक्ट्रिशियन बदला.

एखादा स्पीकर पोकळ वाजत असेल, आवाज मधोमध न येता डोक्याच्या दोन्ही बाजूंना पसरल्यासारखा वाटत असेल, तर लाल-काळ्याची अदलाबदल झाली आहे. स्पीकरच्या वायरी रिसीव्हरकडून सोडवून दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलला क्षणभर टेकवा. लाल धनाला लागल्यावर वूफरचा कोन बाहेर आला तर जोडणी बरोबर. आत गेला तर उलटी. वायर महागडी नको. तांब्याची दोन पदरी दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची वायर पंधरा मीटरपर्यंत निर्धास्त वापरा.

जुने स्पीकर फेकू नका, एवढं मात्र आग्रहाने सांगतो. आपल्या दमट हवेत कोनाच्या कडेचा फोम दहा-पंधरा वर्षांत बोटाने दाबला तरी भुगा होतो, विशेषतः कोकणात आणि मुंबईत. वूफर फडफडायला लागतो आणि घरचे म्हणतात, गेला. गेलेला नसतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी केली तर कडा बदलून देणारे कारागीर भेटतात. त्यांना रबराची कड मिळते का विचारा, पण मूळ फोमची असेल तर नवी कड तितकीच मऊ असली पाहिजे. कडक रबर बसवलं की खर्जच बसतो. आणि डाव्याची बदलताना उजव्याचीही त्याच दिवशी बदलून घ्या, तो अजून शाबूत दिसत असला तरी.