हरणाच्या शिकारीला सरकारी परवानगी : न्यूझीलंडच्या जंगलात स्वबळावर, कमी खर्चात

विशेष प्रतिनिधी

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार हा गंभीर गुन्हा ठरला. त्यामुळे एखाद्या देशात सरकारी जंगलात हरीण मारण्याचा परवाना विनाशुल्क मिळतो आणि तो देणारे खाते निसर्गसंवर्धनाचे असते, असे सांगितल्यास मराठी वाचकाचा सहजी विश्वास बसणार नाही. न्यूझीलंडमध्ये मात्र ही वस्तुस्थिती आहे.

याचे कारण त्या देशाच्या निसर्गेतिहासात दडलेले आहे. वटवाघळे सोडल्यास तेथील भूमीवर मूळचा एकही सस्तन प्राणी नव्हता. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश वसाहतवाल्यांनी शिकारीच्या हौसेपोटी हरणे आणून सोडली. आपल्या ताडोबात दिसणारा सांबरही १८७५ च्या सुमारास श्रीलंकेतून तेथे पोहोचला. वाघ-बिबट्यासारखा शत्रू नसल्याने हरणांची संख्या वाढत गेली आणि जंगलातील कोवळी रोपे फस्त होऊ लागली. १९३० पासून सरकारने पगारी शिकारी नेमले. आज हौशी शिकाऱ्यांनाही या कामात वाटा मिळतो.

राकिउराचे आकर्षण

स्वतःच्या नियोजनावर जाऊ पाहणाऱ्यांमध्ये देशाच्या दक्षिण टोकाचे राकिउरा, म्हणजेच स्टुअर्ट बेट, विशेष लोकप्रिय आहे. बेटाचा बहुतांश भाग २००२ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. ओबान हे एकमेव गाव. तेथे जेमतेम काही शे लोक राहतात. त्यापलीकडे रस्ते नाहीत. १९०५ मध्ये अमेरिकेतून आणलेली पांढऱ्या शेपटीची हरणे येथील दाट, ओल्या जंगलात स्थिरावली आहेत. समुद्रशेवाळ खाण्यासाठी ती किनाऱ्यावरही येतात.

किनाऱ्यालगतचे जंगल शिकारीसाठी विभागांत वाटलेले असून एका गटाला ठरावीक दिवसांसाठी एक विभाग मिळतो. अनेक विभागांत साध्या झोपड्या आहेत. शिकारीला वर्षभर परवानगी असली, तरी नर हरणे माजावर येतात तो एप्रिल-मे हा काळ अनेक जण पसंत करतात. त्या दिवसांसाठी आरक्षण फार आधी करावे लागते.

पैसा कुठे वाचतो?

खासगी कुरणांत मार्गदर्शकासह शिकार केल्यास हजारो डॉलरचे बिल होते. सार्वजनिक जंगलात हा खर्च टळतो. विमानभाड्यानंतरचा मोठा खर्च म्हणजे बोट. ब्लफ बंदरातून ओबानला प्रवासी नौकेने सुमारे तासाभरात पोहोचता येते. तेथून विभागापर्यंत भाड्याची छोटी बोट करावी लागते. हे भाडे चौघांत वाटले गेल्यास भार हलका होतो. तांदूळ, डाळी, पीठ असा शिधा गावात किंवा मुख्य भूमीवर विकत घ्यावा. सह्याद्रीत पावसाळी भटकंती करणाऱ्यांकडे निम्मे साहित्य आधीच असते; मात्र वापरलेले बूट आणि तंबू स्वच्छ धुऊनच न्यावेत व विमानतळावर जाहीर करावेत. धोकादायक वस्तू जाहीर न केल्यास जागीच ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. एका चुकीने सारी बचत वाया जाते.

बंदुकीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. परदेशी पाहुण्याला जास्तीत जास्त एक वर्षाचा शस्त्रपरवाना मिळू शकतो. बंदूक सोबत न्यायची असल्यास आयात परवानगी वेगळी लागते. २०१९ च्या ख्राइस्टचर्च हल्ल्यानंतर बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आहे. परवानाधारकाच्या थेट देखरेखीखाली मात्र बिनपरवाना व्यक्तीलाही बंदूक चालवता येते. त्यामुळे ऑकलंड किंवा वेलिंग्टनमध्ये स्थायिक झालेल्या, शिकारीचा परवाना आणि अनुभव असलेल्या नातेवाइकासोबत जाणे हा स्वस्त आणि सुरक्षित मार्ग ठरतो. मात्र त्या व्यक्तीने प्रत्येक क्षणी शेजारी राहिले पाहिजे.

जिवाशी खेळ नको

खर्चात काटकसर करता येते, सुरक्षेत नाही. राकिउराच्या जंगलात अनेक ठिकाणी काही पावलांपलीकडचे दिसत नाही. झुडूप हलले, तपकिरी रंग चमकला आणि गोळी सुटली. नंतर कळले की तो आपलाच सोबती होता. न्यूझीलंडमध्ये अशा दुर्घटना घडल्या असून बळी जाणारा अनेकदा त्याच गटातला असतो. म्हणूनच तेथील शस्त्रसुरक्षेच्या सात नियमांपैकी एक नियम असा आहे, की लक्ष्याची निःसंशय ओळख पटेपर्यंत गोळी झाडू नये. रंग, आवाज किंवा हालचाल हा पुरावा नव्हे. हरणाचे डोके, मान, खांदा स्पष्ट दिसलाच पाहिजे. सोबती नजरेआड झाला, तर तो नेमका कुठे आहे हे कळेपर्यंत शिकार थांबवावी. भडक रंगाचे कपडे घालावेत. हरणाला नारिंगी रंग माणसासारखा ओळखता येत नाही.

दुसरा शत्रू थंडी. पाऊस केव्हाही कोसळतो आणि भिजलेल्या शरीराचे तापमान झपाट्याने घसरते. सुती कपडे टाळून लोकरीचे थर वापरावेत, एक कोरडा जोड शेवटपर्यंत जपावा. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. उपग्रहाद्वारे संकटसंदेश पाठवणारे यंत्र भाड्याने मिळते. ते न घेणे ही बचत नव्हे. कुठे जाणार आणि कधी परतणार, हे विश्वासू व्यक्तीला लेखी कळवावे. समुद्र खवळल्यास बोट वेळेवर येत नाही. त्यामुळे दोन-तीन दिवसांचा जादा शिधा ठेवावा आणि परतीचे विमान लगेचचे घेऊ नये.

मारल्यानंतरची जबाबदारी

प्राणी पडला की खरे श्रम सुरू होतात. मांस लवकर थंड करून, स्वच्छ पिशव्यांत भरून पाठीवर वाहावे लागते. वाहून नेता येईल त्याहून अधिक मारू नये. हौशी शिकाऱ्याला ते मांस विकता येत नाही; आप्तांना देता येते. शिंगे भारतात आणता येतील, असेही गृहीत धरू नये.

राकिउरात किवी पक्षी दिवसाही वावरताना दिसतात. त्यांचे जंगल टिकावे हाही या परवान्यामागचा एक हेतू आहे. रिकाम्या हाताने परतलेल्या शिकाऱ्याची सहलही वाया जात नाही. संशय आला म्हणून न झाडलेल्या गोळीचा तर पश्चात्ताप कुणालाच होत नाही.